एमएसचं निदान झाल्यानंतरचं पहिलं वर्ष : आधी काय, नंतर काय

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या मध्ये गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. नुकती नोकरी लागलेली असते, घरात स्थळं बघणं चाललेलं असतं, गृहकर्जाचा पहिला हप्ता गेलेला असतो, आणि एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो. पुढच्या काही महिन्यांत माणसं धावपळ खूप करतात, पण क्रम चुकतो. आधी पथ्य, मग काढा, मग कुणीतरी सांगितलेला लांबचा वैद्य, मग तीन डॉक्टरांची तीन मतं, आणि खरं औषध सगळ्यात शेवटी.

माझं निदान सत्ताविसाव्या वर्षी झालं, त्याला आता पाच वर्षं होतील. ठाण्यात राहते, ऐरोलीत नोकरी करते. नव्याने निदान झालेल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात आणि दर वेळी त्याच चार-पाच चुका ऐकू येतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिलं आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि तिथून उठल्यावर काय करायचं, ते इथे आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावर हल्ला करते. यातले बरेचसे हल्ले आपल्याला जाणवतच नाहीत. एमआरआयमध्ये नवे डाग दिसतात, माणूस मात्र रोज ऑफिसला जात असतो. बरं वाटणं आणि आजार शांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली सांगितलेला सगळा क्रम यावरूनच ठरला आहे.

टप्पा १ : पहिल्या आठवड्यात फाईल लावा

प्लास्टिकचे कप्पे असलेली जाड फाईल घ्या आणि तारखेप्रमाणे सगळे कागद लावा. एमआरआयच्या फिल्म घरात असतातच, पण पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सीडी लागते. जुन्या आणि नव्या डागांची तुलना संगणकावर नीट होते. सेंटरकडे तुमचा जुना डेटा कायम राहील असं धरून चालू नका. सीडी मागून घ्या आणि तिची प्रत पेन ड्राईव्हवर ठेवा.

फाईलचं पहिलं पान हाताने लिहा. नाव, रक्तगट, निदानाची तारीख, कशाची ॲलर्जी, सध्याची औषधं, डॉक्टरांचा नंबर. त्याखाली प्रत्येक अटॅक, म्हणजे लक्षणं नव्याने उद्भवण्याचा किंवा वाढण्याचा काळ : केव्हा सुरू झाला, काय झालं, किती दिवस राहिलं, स्टेरॉईड घेतलं का. या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा.

तक्रार लिहिताना मोघम लिहू नका. ‘पायात त्रास’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. माझ्या बाबतीत सुरुवात चपलेने झाली. ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मकडे उतरताना डाव्या पायातली चप्पल मागच्या पायरीवरच राहिली आणि मला चार पायऱ्या उतरेपर्यंत कळलंच नाही. पंधरा दिवसांत तीनदा असं झालं. पट्टा सैल झालाय असं वाटून मी गोखले रोडवरून नवी जोडी घेतली. तीही सुटली. पुढे डॉक्टरांना मी ‘पाय बधिर आहे’ असं सांगितलं तेव्हा ते नुसतं ऐकत होते. चपलेचं सांगितल्यावर त्यांनी लगेच पाऊल वर उचलून धरायला लावलं. तुमची ‘चपलेची गोष्ट’ शोधा आणि तीच लिहा : शर्टाचं बटण लागत नाही, मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, एका डोळ्याने टीव्हीचे रंग फिके दिसतात.

टप्पा २ : निदान एमएसचंच आहे ना, हे पक्कं करा

एमएससारखेच दिसणारे दोन आजार आहेत, एनएमओ आणि मॉग. त्यातही डोळ्यावर आणि मज्जारज्जूवर अटॅक येतात. उपचार मात्र वेगळे असतात आणि एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड, एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार वाढू शकतो. त्यामुळे पहिल्या दोन भेटींतच सरळ विचारा : ‘एक्यूपी-४ (एनएमओ ओळखण्यासाठी) आणि मॉग अँटिबॉडीची रक्ततपासणी माझ्या बाबतीत करायला हवी का? झाली असेल तर रिपोर्ट कुठे आहे?’ बी-१२, थायरॉईड आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी याबद्दलही विचारा. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे आणि त्यानेही हातापायांना मुंग्या येतात.

दुसरं मत जरूर घ्या, पण एकदाच, आणि एमएसचे रुग्ण नियमित बघणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडूनच. खाजगी परवडत नसेल तर केईएम, नायर आणि सायन या रुग्णालयांचे न्यूरॉलॉजी विभाग ठाणे-नवी मुंबईहून लोकलच्या टप्प्यात आहेत. ओपीडीला पहाटे निघावं लागतं, दिवस जातो, तरी जा.

*सावधान :* पाच मतं गोळा करण्यात सहा महिने घालवलेले लोक मी पाहिले आहेत. ते सहा महिने औषधाविना जातात.

टप्पा ३ : औषधाआधीच्या तपासण्या आणि लसी

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. एमएसची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. शरीरात लपलेला जुना संसर्ग असेल तर तो औषधानंतर उफाळू शकतो. म्हणून औषध सुरू होण्याआधी साधारण या गोष्टी बघितल्या जातात : संपूर्ण रक्ततपासणी, यकृत, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, टीबीसाठी छातीचा एक्सरे आणि रक्ताची चाचणी, कांजिण्यांच्या अँटिबॉडी. कोणत्या औषधाला यातलं काय लागतं ते डॉक्टर सांगतील. तुम्ही फक्त ‘माझ्या औषधाआधी कोणत्या तपासण्या आणि लसी?’ असा प्रश्न लिहूनच न्या.

लसींचा क्रम महत्त्वाचा आहे. रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबसारखं इन्फ्युजन, म्हणजे सलाईनमधून द्यायचं औषध, ठरलं असेल तर जिवंत विषाणूची लस (कांजिण्या, गोवर) किमान ४ आठवडे आधी आणि बाकीच्या लसी, जमल्यास, किमान २ आठवडे आधी व्हायला हव्यात. नंतर जिवंत लस घेता येत नाही, आणि बाकीच्या लसी घेतल्या तरी त्यांचा असर कमी पडतो. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू आणि एचपीव्ही यांबद्दल नावानिशी विचारा. मात्र आजार वेगाने वाढत असेल तर डॉक्टर लसींसाठी थांबणार नाहीत. तिथे तुम्ही स्वतःहून ‘आधी लसी होऊ देत’ म्हणून अडून बसू नका.

*तपासून घ्या :* हिपॅटायटिस बी आणि टीबीचे रिपोर्ट फाईलमध्ये आहेत का? नसतील तर पहिल्या इन्फ्युजनची तारीख घेण्याआधी फोन करून विचारा.

टप्पा ४ : औषध सुरू करणं, आणि चालू ठेवणं

ढोबळमानाने तीन प्रकार. घरी घ्यायची इंजेक्शनं : इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर. गोळ्या आणि कॅप्सूल : डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड. आणि सलाईनमधून : रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब, नॅटालिझुमॅब. ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ असं विचारू नका. तुमचा आजार किती जोरात आहे, दोन-तीन वर्षांत मूल हवं आहे का, खर्च किती झेपेल, आणि शिफ्टची नोकरी करता का, ही चार उत्तरं आधी डॉक्टरांना द्या. यातल्या काही गोळ्या भारतात जेनेरिक मिळतात आणि रिटुक्सिमॅबचे भारतीय बायोसिमिलरही (मूळ औषधासारखेच बनवलेले पर्याय) आहेत, त्यामुळे खर्चाचं न लाजता बोला. परवडत नाही म्हणून चौथ्या महिन्यात बंद पडलेल्या महाग औषधापेक्षा वर्षानुवर्षं चालणारं औषध बरं.

वापरतानाच्या चुका औषधागणिक वेगळ्या असतात.

डायमिथाइल फ्युमरेट लोक उपाशीपोटी घेतात, मग चेहरा लालबुंद होतो, पोटात ढवळतं आणि ‘मला हे सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. भरल्या पोटी, जेवणाबरोबर घ्या. कॅप्सूल फोडू नका. पहिले काही आठवडे काढले की बहुतेकांचा त्रास कमी होतो. या औषधावर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी ठरावीक काळाने मोजाव्या लागतात, ती तपासणी चुकवू नका.

फिंगोलिमॉडचा पहिला डोस घरी घ्यायचा नसतो. हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात म्हणून किमान ६ तास देखरेखीखाली बसावं लागतं. मध्ये काही दिवस खंड पडला तर परस्पर पुन्हा सुरू करू नका, आधी फोन करा. आणि हे औषध अचानक थांबवलं तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. गावी जाताना गोळ्या मोजून, चार जास्तीच्या धरून न्या.

इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवली तर गोठून वाया जातात. मधल्या फळीवर, डब्यात ठेवा. प्रवासात बर्फाच्या पिशवीभोवती टॉवेल गुंडाळा. दर वेळी टोचण्याची जागा बदला.

सहा महिन्यांनी घ्यायचं इन्फ्युजन असेल तर मेडिक्लेमच्या पूर्वमंजुरीचे कागद महिनाभर आधी द्या. आदल्या दिवशी ताप, खोकला किंवा लघवीला जळजळ असेल तर न लपवता सांगा. तारीख पुढे जाईल, पण संसर्ग अंगात असताना औषध घेणं धोक्याचं आहे.

*सावधान :* ‘वर्षभर अटॅक नाही, आता औषध कशाला?’ या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे. अटॅक नाही, कारण औषध चालू आहे. थांबवायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून, नवा एमआरआय बघून थांबवा.

आता काढ्यांबद्दल. घरची माणसं प्रेमाने गुळवेल आणि अश्वगंधा आणून देतात, ‘इम्युनिटी वाढेल’ म्हणतात. एमएसमध्ये इम्युनिटी कमी आहे म्हणून त्रास होत नाही, ती चुकीच्या जागी लढते आहे म्हणून होतो. शिवाय गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवली आहेत, आणि एमएसची काही औषधं आधीच यकृतावर ताण देतात. आईला हे समजावताना माझी बरीच शक्ती खर्ची पडली, पण शेवटी तिला यकृताचा रिपोर्ट दाखवला आणि तिने बाटली कपाटातून काढली.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असते. ती रोज घेणारे लोक आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते. चिठ्ठी पुन्हा वाचा. आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडणं हा उपचाराचाच भाग आहे. धूम्रपानाने एमएस वेगाने वाढतो.

टप्पा ५ : अटॅक आहे की उष्णता?

निम्मे फोन या एका प्रश्नासाठी येतात. चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी प्रत्येक मुंगीला अटॅक समजून स्टेरॉईड मागतं, कुणी खरा अटॅक ‘उन्हामुळे असेल’ म्हणत तीन आठवडे अंगावर काढतं.

खऱ्या अटॅकची खूण : नवं लक्षण, किंवा जुनं लक्षण स्पष्ट वाढलेलं, सलग २४ तासांपेक्षा जास्त टिकलेलं, ताप किंवा संसर्ग नसताना, आणि आधीच्या अटॅकला किमान ३० दिवस झालेले. याउलट अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी आधी इजा झालेल्या नसांमधून संदेश नीट जात नाही आणि जुनी लक्षणं काही तास डोकं वर काढतात. यात नवी इजा होत नसते. अंग गार झालं की ओसरतं.

लक्षण जाणवलं की या क्रमाने जा :

१. वेळ लिहा. ‘मंगळवार, दुपारी ३:४०, उजवा हात जड’ एवढं पुरे.

२. थर्मामीटर लावा. ताप असेल तर आधी तापाचं बघा.

३. पंखा किंवा एसी लावून दोन तास आडवे व्हा, गार पाणी घोटघोट प्या, मानेवर ओला पंचा ठेवा. फरक पडला का, ते लिहा.

४. लघवीची तपासणी करून घ्या. जळजळ नसली तरी. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग अनेकदा मुकाट्याने असतो.

५. २४ तास होत आले आणि लक्षण तसंच आहे, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा.

चौथी पायरी मला मे महिन्यातल्या एका शनिवारी शिकायला मिळाली. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ झाले होते, जिना चढवेना. मी मनाने ठरवून टाकलं होतं की हा अटॅकच, बॅगही भरली होती. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला लावली. संसर्ग निघाला. अँटिबायोटिकने पाचव्या दिवशी पाय पूर्ववत झाले. तशातच स्टेरॉईड घेतलं असतं तर तो संसर्ग आणखी वाढला असता.

डोळ्यासाठी घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला रविवारचा लाल आकडा आधी उजवा डोळा झाकून बघा, मग डावा. दोन्ही वेळी लाल सारखाच दिसायला हवा. एका डोळ्याला तो विटकरी किंवा धुवून फिका पडल्यासारखा दिसत असेल आणि डोळा हलवताना दुखत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच ही तपासणी करू नका, तेव्हा रंग तात्पुरता फिका दिसू शकतो.

*सावधान, इथे २४ तास थांबायचं नाही :* एका डोळ्याची नजर झपाट्याने जाणं, दोन्ही पायांतली शक्ती जाणं, लघवी अडकणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास. त्याच दिवशी रुग्णालयात जा. आणि तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक बाजू अचानक लुळी पडणं असं झालं तर ‘एमएसच असेल’ म्हणू नका, पक्षाघात धरून १०८ ला फोन करा.

अटॅक ठरला तर बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस सलाईनमधून देतात. जमल्यास सकाळची वेळ मागून घ्या, नाहीतर रात्रभर झोप लागत नाही. तोंडाला धातूची चव येते, ॲसिडिटी होते, साखर वाढते, चिडचिड होते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. स्टेरॉईडने अटॅक लवकर ओसरतो, पुढचे अटॅक थांबत नाहीत. म्हणून ‘स्टेरॉईड घेतलं, आता रोजचं औषध नको’ हा हिशेब चुकीचा आहे.

टप्पा ६ : ठाण्या-नवी मुंबईतला दिवस आखा

एमएसचा थकवा झोप काढून जाणारा नसतो. बाहेरून तो कुणाला दिसतही नाही. सगळा दोष एमएसला देण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोप आणि मनाची उदासी तपासा. यातलं एखादं दुरुस्त झालं तरी दिवस बदलतो.

मग उरलेल्या शक्तीची वाटणी करा. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी एकदाच येतं. टाकी भरून घ्यायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. शक्तीचं तसंच धरा. सगळ्यात डोक्याचं काम सकाळी. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटून, दमण्याआधी. बरं वाटलं म्हणून एकाच रविवारी कपाट आवरणं, बाजार आणि पाहुणे हे सगळं केलं की पुढचे तीन दिवस जातात. सगळ्यात नेहमीची चूक हीच आहे आणि ती चांगल्या दिवशी होते.

उन्हाळा इथे दोनदा येतो, मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून नुसत्या सावलीने अंग गार होत नाही. बाहेर पडण्याआधी गार पाण्याने अंघोळ, पिशवीत बर्फाच्या पाण्याची बाटली आणि ओला पंचा. सुती, सैल कपडे. घोडबंदर रोडवर भर दुपारी रिक्षात अडकण्यापेक्षा अपॉइंटमेंट सकाळी नऊची मागा. मुंबईला जाताना खर्च झेपत असेल तर ठाण्याहून एसी लोकल धरा.

ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या, गर्दीबद्दल : धावत गाडी पकडणं बंद. एक गाडी गेली तर गेली. ऑफिसची वेळ तासभर पुढे-मागे करून मिळाली तर बसायला मिळतं आणि पोचल्यावर काम करायची ताकद उरते. दिव्यांगांच्या डब्यात चढताना प्रमाणपत्र जवळ हवं. आणि वरून धडधाकट दिसता म्हणून कुणी बोललं तर वाद न घालता ते दाखवा.

पावसाळ्यात मागे पट्टा असलेली सँडल घाला, नुसती चप्पल नको. पाऊल उचलताना अडकत असेल तर फिजिओथेरपिस्टना घोट्याच्या पट्ट्याबद्दल विचारा. साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा. खड्डा दिसत नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गाची) भीती जास्त. पाण्यातून जावंच लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या.

लोकलमध्ये सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं, हे विशेषतः मुली करतात. त्याने संसर्ग वाढतो, बद्धकोष्ठ होतं, थकवा वाढतो. पाणी प्या, फक्त वेळ ठरवा : निघण्याच्या तासभर आधीपर्यंत भरपूर, वाटेत घोटभर, पोचल्यावर पुन्हा. सारखं जावंसं वाटत असेल किंवा झाल्यावरही राहिल्यासारखं वाटत असेल तर लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते त्याची सोनोग्राफी होते. साधी आहे, करून घ्या.

व्यायाम सोडू नका. एमएसमध्ये व्यायामाने अटॅक येत नाही. आठवड्याला साधारण १५० मिनिटं हे लक्ष्य धरा, पण सुरुवात रोज दहा मिनिटांपासून. सकाळी आठच्या आत उपवन किंवा तलावपाळीला, वाशी-नेरूळकडे खाडीकाठी. अंग तापून हातपाय जड झाले तर थांबा, गार व्हा, अर्ध्या तासात पूर्ववत झालात तर काळजी नाही.

टप्पा ७ : नोकरी, विमा, प्रमाणपत्र

ऑफिसात सांगायचं का? घाईने, निदानाच्या आठवड्यात, रडवेल्या स्वरात सांगू नका. उपचार सुरू झाले, तुम्हाला नेमकं काय हवं ते कळलं, की सांगा. आजाराचं वर्णन दोन वाक्यांत आणि मागणी यादीने : एसीजवळची जागा, वेळेत सवलत, उन्हाळ्यात आठवड्यातले दोन दिवस घरून काम, इन्फ्युजनच्या दिवशी रजा. तोंडी बोलल्यावर ईमेल पाठवा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदवलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं. एचआरकडे ते मागा.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन अर्ज होतो आणि मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. इथे एक चूक सर्रास होते. माणूस चांगल्या दिवशी, इस्त्रीचे कपडे घालून, ‘तसा ठीक आहे’ म्हणत बोर्डापुढे जातो. न दिसणारी लक्षणं कागदावर न्या : नजरेची तपासणी, मूत्राशयाची सोनोग्राफी, चालण्याबद्दल फिजिओचा अहवाल, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र. खोटं काही सांगू नका आणि खरं काही गिळू नका.

विम्यात आजार लपवू नका, क्लेम नेमका तिथेच अडतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेकदा पहिल्या दिवसापासून आधीचे आजार धरतात, म्हणून नोकरी बदलताना आधी ती अट वाचा. स्वतःच्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. जुनी पॉलिसी असेल तर ती कुठल्याही परिस्थितीत तुटू देऊ नका. इन्फ्युजन एका दिवसाचं असतं आणि रिटुक्सिमॅबसारखी औषधं मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारातली असतात, त्यामुळे ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शनला किती मर्यादा आहे?’ असा प्रश्न लेखी विचारा.

टप्पा ८ : घरात, आणि लग्नाच्या बोलण्यात

घरच्यांना फाईलचं पहिलं पान वाचून दाखवा. एमएस संसर्गजन्य नाही, वेडाचा आजार नाही, आणि बहुतेकांना जन्मभराची व्हीलचेअर लागत नाही. मदत काय हवी ते नेमकं सांगा. ‘मला समजून घ्या’ यापेक्षा ‘गॅसपुढे उभं राहणं मे महिन्यात जमणार नाही, पोळ्या सकाळी सातला करू’ हे लवकर समजतं.

लग्नाआधी सांगायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे : सांगायचं. पहिल्या चहापोह्यांना नाही, पण होकार जाण्याआधी, मुलाला किंवा मुलीला स्वतः, शक्य तर डॉक्टरांच्या भेटीला बरोबर नेऊन. फ्रीजमधली इंजेक्शनं लपवत संसार होत नाही.

मुलाबाळांबद्दल : गरोदरपणाने एमएस दीर्घकाळात बिघडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, म्हणून ते महिने घरी मदतीला माणूस हवं. आई किंवा वडिलांना एमएस असला तरी बाळाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच. पण टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड गर्भाला घातक आहेत. फिंगोलिमॉड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, टेरिफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतं आणि ते धुवून काढण्याचं वेगळं औषध असतं. दिवस राहिल्यावर नाही, विचार सुरू झाल्यावर डॉक्टरांना सांगा.

उदासी हा या आजाराचाही भाग आहे, तुमच्या स्वभावाचा दोष नाही. पंधरा दिवस सलग कशातच मन लागत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा. रात्री-अपरात्री असह्य झालं तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि स्वतःसारख्या कुणाशी बोलायचं असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचा मुंबई विभाग आहे.

टप्पा ९ : वर्षपूर्तीची भेट

औषध सुरू झाल्यावर साधारण ३ ते ६ महिन्यांनी एक एमआरआय होतो. पुढची तुलना त्याच्याशी करायची असते, पहिल्या एमआरआयशी नाही, कारण औषध लागू पडण्याआधी आलेले डाग औषधाच्या नावावर जाऊ नयेत. त्यानंतर सहसा वर्षाने एकदा. जमेल तितकं एकाच सेंटरला, त्याच मशिनवर करा आणि जुनी सीडी बरोबर न्या.

भेटीला जाताना तीन गोष्टी लिहून न्या : वर्षातले अटॅक तारखांसह, किती डोस चुकले (खरा आकडा), आणि मागच्या वर्षी जमत होतं पण आता जमत नाही असं एक काम. डॉक्टरांना विचारा, नवे डाग आहेत का, औषध तेच ठेवायचं का, पुढची रक्ततपासणी केव्हा. मग पुढच्या भेटीची तारीख तिथेच, काउंटरवर उभं राहून घ्या. घरी जाऊन फोन करू म्हटलं की दोन महिने निघून जातात.